पथ्याचे ओझे

मधुमेहाच्या उपचाराचा फार मोठा भाग रुग्णाला स्वतःच्या हातांनी करावा लागतो. टायफॉइडमध्ये औषध घेऊन पडून राहता येते, अपेंडिक्सचे ऑपरेशन शल्यचिकित्सक करतो, मोडलेले हाड प्लॅस्टरमध्ये हळूहळू जुळते. मधुमेहात मात्र स्वादुपिंड जे काम न सांगता करत होते, ते रोज, आठवणीने आणि आयुष्यभर करण्याची जबाबदारी माणसावर येते. वर्षाचे तास ८,७६०. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांसमोर पंधरा मिनिटे बसायला मिळाले, तरी वर्षाकाठी तो हिशेब एका तासाचा होतो. बाकीचा सगळा काळ आजार आणि माणूस एका घरात राहतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पाहणीत सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले: प्रौढांपैकी २६.४ टक्के. मधुमेहाच्या उपचारात रक्तातील साखर, रक्तदाब, मूत्रपिंड आणि डोळ्यांचा पडदा यांच्या तपासण्या असतात. त्या प्रत्येकीसाठी केसपेपरवर जागा असते. हे सगळे सांभाळताना मनावर जे साचत जाते, त्यासाठी बहुतेक ठिकाणी जागा नसते. ते ओझे कशाचे बनलेले असते, ते कुठे वाढते आणि कशाने हलके होते, हा या लेखाचा विषय आहे.

दिवसाचा हिशेब

सकाळी उपाशीपोटी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला जातो. आकडा १६८ येतो. रात्री अर्धी भाकरी आणि भाजी एवढेच खाल्लेले असते. मग साखर वाढली कशी? उत्तर शरीरशास्त्रात आहे. पहाटे शरीरात कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक यांचे प्रमाण चढते, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि अपुरे इन्सुलिन तिला आवरू शकत नाही. ज्याला हे कोणी सांगितलेले नसते, तो मात्र रात्रीच्या ताटात स्वतःची चूक शोधत बसतो. दिवसाची सुरुवात अशी आरोपाने होते.

पुढे चहा बिनसाखरेचा की अर्धा चमचा, नाश्त्याला पोहे की उपमा, गोळी जेवणाआधी की नंतर, ऑफिसात कोणाचा वाढदिवस असेल तर केकचे काय, असे प्रश्न एकामागून एक येतात. एकेक प्रश्न लहान असतो, पण त्यांना सुट्टी नसते. कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याच्या जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा दर आठवड्याला फिरतात. शेतावर मजुरीला जाणाऱ्या बाईला मुकादमाच्या वेळेनुसार खावे लागते. साखर वाढली की लघवीला वारंवार जावे लागते. बाजारात भाजी विकणाऱ्या किंवा लोकलने दीड तास प्रवास करणाऱ्या बाईला स्वच्छतागृह सापडत नाही, म्हणून ती पाणी पिणेच कमी करते. या सगळ्याची लाज वाटते, आणि लाजेबद्दल बोलणे त्याहून अवघड असते.

इन्सुलिन घेणाऱ्यांचा हिशेब आणखी मोठा आहे. दिवसाला चार इंजेक्शने धरली तर वर्षाला १,४६० होतात. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचे असते. ज्या घरात फ्रीज नाही किंवा उन्हाळ्यात तासन्‌तास वीज नसते, तिथे कुपी मातीच्या ओल्या माठात ठेवली जाते. भारतात कुपीतले इन्सुलिन सहसा एका मिलिलिटरला ४० युनिटचे, तर पेनच्या काडतुसातले १०० युनिटचे असते. सिरिंजही त्यानुसार वेगवेगळ्या मिळतात. औषधाच्या दुकानातून चुकीची सिरिंज हाती आली तर मात्रा अडीच पटीने चुकू शकते. चाळिशीपर्यंत कधी सुईला हात न लावलेल्या माणसाला हे सारे लक्षात ठेवायचे असते, आणि तेही संसार, नोकरी, मुलांच्या परीक्षा आणि घराचे हप्ते सांभाळून. तपासणीच्या प्रत्येक पट्टीला पैसे पडतात. त्यामुळे अनेक घरांत बोट टोचण्याआधी महिन्याचा खर्च आठवतो आणि तपासणी उद्यावर जाते.

मनस्ताप आणि नैराश्य

या ओझ्याला वैद्यकशास्त्राने स्वतंत्र नाव द्यायला बराच काळ घेतला. १९९५ साली बोस्टनच्या जोस्लिन मधुमेह केंद्रात विल्यम पोलॉन्स्की आणि सहकाऱ्यांनी २० प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. पुढे काय गुंतागुंत होईल याची धास्ती, पथ्य चुकल्यावर वाटणारा अपराधीपणा, या आजारात आपण एकटे आहोत ही भावना, रोजच्या धडपडीने आलेला थकवा अशा गोष्टी त्रास देतात का, असे ती विचारते. गुण ० ते १०० मध्ये मोजतात आणि ४० किंवा त्याहून अधिक गुण हे तीव्र त्रासाचे लक्षण मानतात. २००५ मध्ये आलेल्या १७ प्रश्नांच्या दुसऱ्या मापनपद्धतीने या त्रासाचे चार भाग पाडले: आजाराचा भावनिक भार, उपचाराच्या दिनक्रमाचा जाच, डॉक्टरांशी असलेल्या नात्यातील नाराजी, आणि घरच्यांकडून, मित्रांकडून होणारी घुसमट.

या त्रासाला मराठीत मधुमेहाचा मनस्ताप म्हणता येईल. तो नैराश्याहून वेगळा आहे. मनस्तापाचे कारण आजारात आणि त्याच्या कामात असते. ते काम हलके झाले, त्याबद्दल बोलता आले की तो उतरू शकतो. नैराश्य आयुष्याच्या सगळ्या कोपऱ्यांत पसरते. दोन आठवडे किंवा अधिक काळ कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, जगणे नकोसे होणे ही त्याची खूण आहे आणि त्याला स्वतंत्र उपचार लागतात. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते. ओळखण्यात अडचण अशी की थकवा, झोपमोड आणि वजन घटणे ही वाढलेल्या साखरेचीही लक्षणे आहेत. त्यामुळे घरात 'शुगरमुळे असं होतंय' म्हणून नैराश्य वर्षानुवर्षे झाकलेले राहते.

मन आणि साखर यांची गाठ दोन्ही बाजूंनी बसलेली आहे. ताणाच्या वेळी शरीर अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल सोडते, आणि ही दोन्ही संप्रेरके रक्तातील साखर वाढवतात. मन खचले की चालणे बंद होते, गोळ्या विसरतात, रात्री काहीबाही खाल्ले जाते. साखर वाढली की अंगात मरगळ येते, रिपोर्ट बिघडतो आणि मन आणखी खचते.

भारतासह १७ देशांत घेतलेल्या 'डॉन-२' या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोकांनी असा मनस्ताप असल्याचे सांगितले. मधुमेहाचा आपल्या जगण्यावर काय परिणाम होतो, हे उपचार करणाऱ्यांनी विचारले होते असे सांगणारे मात्र सुमारे २४ टक्केच होते.

सहज आणि अपथ्यनिमित्त

मधुमेहाच्या ओझ्यातला सर्वांत जड भाग दोषाचा असतो. निदान झाल्यावर पहिला प्रश्न येतो तो 'गोड फार खायचात का?' हा. शेजारी, नातेवाईक, कधी दवाखान्यातले कर्मचारीही तो विचारतात. क्षयरोग झालेल्याला किंवा दमा असलेल्याला त्याच्या चारित्र्याबद्दल असा प्रश्न सहसा आधी विचारला जात नाही.

सुश्रुतसंहितेत मधुमेह ज्यात मोडतो त्या प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: सहज, म्हणजे जन्मतःच आलेला, आणि अपथ्यनिमित्त, म्हणजे चुकीच्या आहारविहाराने झालेला. सहज प्रकारचा रुग्ण कृश असतो आणि कमी खातो, असे वर्णनही तिथे आहे. म्हणजे हा आजार काहींना स्वतःच्या चुकीशिवाय होतो, हे जुन्या वैद्यांनी नोंदवून ठेवले होते. समाजाच्या स्मरणात मात्र त्यातला दुसरा अर्धाच उरला.

आधुनिक संशोधनाने पहिल्या अर्ध्याला नवा आधार दिला आहे, आणि त्यातले महत्त्वाचे काम पुण्यात झाले. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील गर्भवती स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. त्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. गावातली बाळे लहान आणि बारीक होती, पण त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती; कमी होते ते स्नायू. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीयुक्त अशा या देहरचनेत मधुमेहाचा धोका अधिक असतो. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती.

याचा अर्थ आहार आणि व्यायाम बिनमहत्त्वाचे ठरतात असा होत नाही. त्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. पण आईच्या गर्भातले पोषण, आनुवंशिकता, शहरातले बैठे काम, चालायला जागा नसणे आणि स्वस्तात मिळणारे तळलेले अन्न या सगळ्यांचा जमाखर्च एका माणसाच्या जिभेच्या नावावर लिहिणे चूक आहे. टाइप १ मधुमेहात तर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. पाच वर्षांच्या मुलाला चॉकलेट खाल्ल्यामुळे तो झाला, असे म्हणणे त्या मुलावर आणि त्याच्या आईवर सरळ अन्याय करते.

'एका लाडवानं काय होतंय?'

मराठी घरात आनंद गोडाने मोजतात. लग्न ठरले की साखरपुडा होतो, नोकरी लागली की पेढे वाटले जातात, संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगितले जाते. दिवाळीचा फराळ शेजारच्या चार घरी जातो आणि चार घरचा आपल्याकडे येतो. पंगतीत आग्रह करणे हा पाहुणचाराचा भाग आहे, आणि आग्रहाला नाही म्हणणे हा यजमानाचा अवमान समजला जातो.

मधुमेह असलेला माणूस या पंगतीत बसतो तेव्हा त्याच्यापुढे दोन्हीकडून कोंडी असते. 'एका लाडवानं काय होतंय?' असे म्हणणारी मावशी आणि तोच लाडू उचलताना 'अहो, तुम्हाला चालतं का?' असे चारचौघांत विचारणारा मेहुणा एकाच ओळीत असतात. खाल्ले तर पथ्य मोडले, नाही खाल्ले तर मन मोडले. अनेक जण मग समारंभालाच जाणे टाळतात. काही जण सर्वांसमोर नाही म्हणतात आणि रात्री स्वयंपाकघरात डबा उघडतात. चोरून खाल्लेल्या करंजीत साखर तेवढीच असते, अपराधीपणा मात्र अधिक असतो. त्या अपराधीपणामुळे दुसऱ्या दिवशी तपासणी टाळली जाते, आणि खरे नुकसान तिथून सुरू होते.

उपवासाचे कोडे आणखी अवघड आहे. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र हे दिवस श्रद्धेचे असतात. उपवासाला चालणारे साबुदाणा, बटाटा, रताळे आणि वरी हे सगळे पदार्थ साखर वाढवणारे आहेत. उलट दिवसभर निरंकार राहून नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेतले तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. 'उपवास करू नका' एवढेच सांगितले की रुग्ण उपवास करतो आणि सांगत नाही. आळंदीहून पंढरपूरला चालत जाणारा वारकरी तळपायाला फोड आला म्हणून वारी सोडत नाही. त्याला उपयोगी पडते ते बोलणे वेगळे असते: गोळी कोणत्या वेळी आणि किती घ्यायची, पिशवीत काय ठेवायचे, रोज संध्याकाळी पाय कसे पाहायचे, कोणत्या आकड्याला उपवास सोडायचा.

पथ्य हा शब्द मुळात हितकारक वाटेसाठी आहे. रोजच्या वापरात तो पाळायचा किंवा मोडायचा नियम झाला, आणि मोडणारा माणूस दोषी ठरू लागला. तपासणीच्या आधी तीन-चार दिवस कडक खाणे, चालणे आणि मग 'रिपोर्ट चांगला आला' म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणे हे अनेक घरांत घडते. एचबीए१सी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे ती चार दिवसांच्या तयारीला फसत नाही. फसवणूक पकडली गेल्यासारखे वाटून रुग्ण आणखी ओशाळतो. शाळेतल्या परीक्षेची भीती साठाव्या वर्षी परत येते.

सुईची धास्ती, हायपोची धास्ती

टाइप २ मधुमेहात वर्षे जातात तसे स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन कमी होत जाते. काही वर्षांनी गोळ्या पुरत नाहीत आणि इन्सुलिन लागते. हा आजाराचा स्वाभाविक प्रवास आहे. पण अनेकांनी इन्सुलिनचे नाव प्रथम धमकी म्हणून ऐकलेले असते: 'गोळ्या नीट घेतल्या नाहीत तर सुई लावावी लागेल.' मग खरोखर सुई लागते तेव्हा ती शिक्षा वाटते. 'सुई लागली म्हणजे आता शेवट जवळ आला' ही समजूतही पक्की असते, कारण शेजारच्या काकांना इन्सुलिन सुरू झाले आणि वर्षभरात त्यांचा पाय गेला, हे डोळ्यांदेखत घडलेले असते. इन्सुलिन उशिरा सुरू झाल्यामुळे पाय गेला, हा उलगडा कोणी करून देत नाही. १९२१ साली टोरांटोत शोधल्या गेलेल्या या औषधाने हमखास मरणाऱ्या मुलांना जगवले. ते शेवटचे साधन मानले जावे, ही मोठी शोकांतिका आहे.

दुसरी धास्ती साखर खाली जाण्याची, म्हणजे हायपोची. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू लागली की शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडून धोक्याची सूचना देते. दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, जीव घाबरा होणे ही त्याची लक्षणे हुबेहूब भीतीचीच असतात. साखर आणखी उतरली तर बोलणे अडखळते, तोल जातो, माणूस चिडतो किंवा असंबद्ध वागतो. रस्त्यात असे झाले तर लोक दारू प्यायलेला समजून बाजूने निघून जातात. उपाय सोपा आहे: तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून पिणे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणे. पण ज्याला एकदा भर बाजारात किंवा झोपेत असा झटका आला, त्याच्या मनात तो घर करतो. असा माणूस मुद्दाम साखर थोडी चढीच ठेवतो, झोपण्याआधी बिस्किटे खातो, इन्सुलिनची मात्रा स्वतःच कमी करतो. केसपेपरवर त्याची नोंद 'औषध नीट घेत नाही' अशी होते. त्यामागची भीती विचारली गेली तर उपचार बदलता येतो.

रात्री दोनचा गजर

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या घरात हे ओझे सर्वांत आधी आईच्या खांद्यावर येते. रात्री दोन वाजता गजर लावून झोपलेल्या मुलाचे बोट टोचायचे, साखर कमी असेल तर अर्धवट झोपेत त्याला काही पाजायचे आणि सकाळी डबा करायला उठायचे, हा अनेक आयांचा वर्षानुवर्षांचा क्रम असतो. कित्येक जणींनी नोकरी सोडलेली असते. 'आमच्या घराण्यात कोणाला नव्हतं' हे वाक्य सासरी ऐकावे लागते ते वेगळेच.

शाळेत मूल डबा केव्हा उघडणार, मधल्या सुट्टीत इंजेक्शन कुठे घेणार, खेळाच्या तासाला कोण लक्ष ठेवणार, असे प्रश्न असतात. सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप १ मधुमेह असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी आणि खाणे जवळ ठेवण्याची मुभा दिली. बालहक्क संरक्षणाच्या राष्ट्रीय आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहिले की अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी आणि इन्सुलिन घेऊ द्यावे. कागदावरची परवानगी वर्गात पोहोचते ती शिक्षकांना हा आजार समजला तरच. नाहीतर मूल शौचालयात जाऊन इन्सुलिन घेते किंवा घेतच नाही.

पौगंडावस्थेत बंडखोरी औषधाशी होते. मित्रांमध्ये वेगळे दिसू नये म्हणून डोस चुकवले जातात. काही मुली वजन घटावे म्हणून इन्सुलिन जाणूनबुजून कमी करतात. रक्तात आम्ल साचून अतिदक्षता विभागात दाखल व्हावे लागेल, इतका तो प्रकार घातक असतो. वय लग्नाचे झाले की घरात कुजबुज सुरू होते: सांगायचे की लपवायचे? मुलाच्या बाबतीत जे 'थोडी शुगर आहे' म्हणून चालवून घेतात, ते मुलीच्या बाबतीत चालत नाही. लपवून लग्न झालेल्या मुलीला सासरी इन्सुलिन कुठे ठेवायचे इथपासून चोरी करावी लागते. योग्य उपचारांत टाइप १ असलेली स्त्री निरोगी मुलाला जन्म देऊ शकते, ही माहिती स्थळ पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचलेली नसते.

घरातला पहारा आणि शरीराची घट

प्रौढ रुग्णाच्या घरी प्रेम पहाऱ्याचे रूप घेते. बायको साखरेचा डबा उंच फळीवर ठेवते, मुलगा फोनवर रोज आकडा विचारतो, सून भात मोजून वाढते. हेतू चांगला असतो, पण ज्याने आयुष्यभर घर चालवले, त्याला आपण पुन्हा लहान झालो असे वाटते. उलट घरातल्या बाईलाच मधुमेह असेल तर पहारा देणाराही कोणी नसतो. ती सगळ्यांसाठी वेगवेगळे रांधते आणि स्वतः उरलेले खाते. वेगळी भाजी, वेगळी वेळ, अर्धा तास चालायला बाहेर पडणे यांपैकी काहीही स्वतःसाठी मागणे तिला चैन वाटते.

वर्षे जातात तसे शरीर काही गोष्टी हिरावून घेऊ लागते. तळपायांची आग आणि मुंग्या रात्री वाढतात, झोप उडते आणि अपुऱ्या झोपेने साखर वाढते. बोट काढावे लागलेला माणूस घरात चप्पल घालून वावरतो, कोणाला पाय दिसू देत नाही. नजर अंधूक झालेल्या शिक्षकाला फळ्यावरचे अक्षर कळत नाही. पुरुषांमध्ये लैंगिक दुर्बलता येऊ शकते. ती मधुमेहाची सर्वपरिचित गुंतागुंत असून तिच्यावर उपचार आहेत, पण दवाखान्यात बायको शेजारी बसलेली असते, बाहेर रांग असते आणि तो विषय निघतच नाही. दुरावा घरात शिरतो आणि त्याला भलतीच कारणे चिकटतात.

दोन मिनिटांची भेट

सरकारी रुग्णालयाची मधुमेहाची ओपीडी सकाळी लवकर भरते. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले लोक पिशवीत डबा घेऊन बाकांवर बसतात. रक्त दिले की खाणे, पुन्हा दोन तासांनी रक्त, मग डॉक्टरांची रांग आणि शेवटी औषधांच्या खिडकीची रांग असते. बाहेरगावहून आलेल्याची दिवसाची मजुरी बुडते. डॉक्टरांपुढे बसल्यावर आकडा वाचला जातो, गोळी वाढते, 'गोड बंद करा, चाला' असे सांगितले जाते आणि पुढचा नंबर पुकारला जातो. जगभरच्या भेटींच्या कालावधीचा एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतातील प्राथमिक उपचारांची भेट सरासरी दोन मिनिटांच्या आसपास भरली. दोन मिनिटांत मनाचे विचारणे डॉक्टरांनाही अशक्य वाटते. समोर शंभर माणसे असताना त्यांच्यावर एकट्यावर दोष ठेवता येत नाही.

म्हणूनच हे काम डॉक्टरखेरीज इतरांनी करण्याच्या वाटा महत्त्वाच्या ठरतात. चेन्नई, दिल्ली, बंगळूर आणि विशाखापट्टणम येथील चार दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांसाठी प्रशिक्षित समन्वयक नेमले होते. ते रुग्णाशी नियमित बोलत, मनाची आणि साखरेची दोन्ही नोंद ठेवत आणि तज्ज्ञांशी सल्लामसलत करत. नैराश्य उतरले आणि सोबत साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी किमान एक सुधारले, अशा रुग्णांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांपेक्षा या गटात अधिक होते.

मधुमेहाचे प्रमाण जिथे सर्वाधिक आढळले, त्या गोव्यातच मनाच्या उपचारांचा मोठा धडा घालून दिला गेला आहे. 'संगथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, बिगर-वैद्यकीय समुपदेशकांना प्रशिक्षण दिले. तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवरील चाचणीत सहा ते आठ भेटींच्या बोलण्याने नैराश्य उतरते, हे २०१७ साली दिसून आले. रुग्णाला लहान लहान कामांकडे, माणसांकडे आणि आवडींकडे पुन्हा वळवणे हा त्या उपचाराचा गाभा होता.

आशा सेविका ३० वर्षांवरील लोकांच्या घरी जाऊन 'सीबॅक' नावाचा अर्ज भरतात. कमरेचा घेर, तंबाखू, दारू, व्यायाम यांसोबत त्याच्या विस्तारित रूपात मनाविषयीही दोन प्रश्न आहेत: कामात रस वाटेनासा झाला आहे का, आणि उदास किंवा हताश वाटते का. गुण जास्त आले तर पुढे पाठवायचे असते. हे दोन प्रश्न घाईने न उरकता बसून विचारले गेले, तर गावातल्या पहिल्या पायरीवरच ओझे दिसू शकते.

ओझे हलके होते ते असे

पहिला बदल भाषेतला आहे. ऑस्ट्रेलियातील मधुमेह संघटनेने २०११ मध्येच मधुमेहाविषयी बोलण्याच्या शब्दांबाबत भूमिका जाहीर केली. मराठीत त्याचे रूप साधे आहे. 'शुगर का वाढवलीत?' याऐवजी 'या आठवड्यात काय वेगळं झालं?' असे विचारता येते. 'पथ्य पाळता का?' याऐवजी 'यातलं कोणतं जमतंय, कोणतं जड जातंय?' असे विचारता येते. आकडा ही माहिती आहे, हे रुग्णाला एकदा पटले की तो ती लपवत नाही, आणि न लपवलेल्या माहितीवर उपचार नीट करता येतात.

दुसरा बदल कामाच्या वाटणीचा. सगळे एकदम सुधारण्याऐवजी एका वेळी एक गोष्ट घेतली जाते: या महिन्यात रात्रीचे जेवण आठच्या आत, पुढच्या महिन्यात चालणे. घरात रुग्णासाठी वेगळे ताट मांडण्याऐवजी सगळ्यांचेच ताट थोडे बदलले, तर पथ्य शिक्षा राहत नाही. मदत कोणती हवी हे घरच्यांनी रुग्णालाच विचारणे उपयोगी पडते. कोणाला गोळीची आठवण हवी असते, तर कोणाला चालायला सोबत. चारचौघांत ताटाकडे पाहणे बहुतेक कोणालाच नको असते.

तिसरा आधार सारख्या अनुभवाच्या माणसांचा. टाइप १ मुलांच्या शिबिरांत मूल पहिल्यांदा पाहते की शेजारचाही जेवणाआधी बोट टोचतो आहे, आणि त्याची लाज तिथेच निम्मी होते. पालकांचे गट, ज्येष्ठांचे चालण्याचे गट आणि दवाखान्यातील गटचर्चा यांचा उपयोगही असाच होतो.

चौथी गोष्ट म्हणजे मनाच्या उपचारांना उशीर न करणे. मनस्ताप बोलण्याने आणि उपचाराचा दिनक्रम सोपा केल्याने उतरतो. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या उदासीला मात्र समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ लागतो. तिथे जाणे हा मधुमेहाच्याच उपचाराचा भाग आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही निःशुल्क सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. जगणे नकोसे वाटत असेल तर त्याच दिवशी तिथे किंवा जवळच्या रुग्णालयात बोलावे.

मधुमेह आयुष्यभर सोबत राहतो, पण त्याचे ओझे कायम सारखेच राहावे असे नाही. निदानाच्या वेळी, उपचार बदलताना, गुंतागुंत सुरू होताना आणि घरात दुसरे संकट आले असताना ते वाढते. त्या चार वेळी तरी घरात आणि दवाखान्यात आकड्याच्या आधी माणसाची विचारपूस व्हावी, आणि केसपेपरवर साखरेच्या रकान्याशेजारी त्याच्या उत्तरासाठी एक ओळ मोकळी असावी.